गिरणी थांबते, गादी कधी पडते?

आता बघा, पिंपरी-चिंचवडकरांना संप नवा नाही. पण संपाने राज्य पडतं का? जुलै 1908मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लेनिननेही त्याची दखल घेतली. पण लष्कराने गोळ्या झाडल्या आणि इंग्रजी राज्य टिकलं.

मार्च 1917मध्ये पेट्रोग्राडच्या गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या. तिथेही गोळीबार झाला. पण युद्धाने पिचलेल्या सैनिकांनी दुसऱ्याच दिवशी बंड केलं. तीन दिवसांत झारने गादी सोडली. लेनिन तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होता! बोल्शेविक सत्तेवर आले नोव्हेंबरमध्ये, दुबळं हंगामी सरकार हटवून. म्हणजे कामगार गिरणी थांबवतो. गादी पडते ती शिपायाने हुकूम नाकारल्यावर. आणि रिकाम्या गादीवर कोण बसणार, हा प्रश्न वेगळाच राहतो.