पऱ्हाटीच्या पैशावरचं क्षितिज

बोरीबंदरचं स्थानक नि राजाबाई टॉवर म्हणजे वारसा आणि लोअर परळचे काचेचे मनोरे म्हणजे त्यावरचं आक्रमण, असाच मुंबईच्या क्षितिजाचा हिशेब मांडला जातो. आर्णीसारख्या वऱ्हाडातल्या कापूसगावातून पाहिलं, तर ही वाटणी टिकत नाही. दोन्हींच्या मुळाशी पऱ्हाटीच, म्हणजे कापूसच आहे.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या तेजीतले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद. त्यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. तेव्हाचा कापूस गुजरात, खानदेश, धारवाडचाही होता आणि वऱ्हाडात रेल्वे पुरती पोचलीही नव्हती, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून राजाबाई टॉवरवर वऱ्हाडाला एकट्याचा हक्क सांगता येत नाही. बोरीबंदरची गोष्ट मात्र निराळी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली ती वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीतून, आणि रुईच्या गाठी हा तिचा भरवशाचा माल होता. बैलबंड्यांनी कापूस बाजारात यायचा. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळची ‘शकुंतला’ आगगाडी धावली, तीही कापसासाठीच. जीआयपी कंपनीनेच 1878 पासून दहा वर्षं खपून फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्यावर बोरीबंदरला आपलं स्थानक आणि मुख्यालय उभारलं. त्यावर शेती आणि व्यापार यांच्या मूर्ती आहेत. शेतीला मिळालेलं ते स्थान नुसती सजावट मानणं मला पटत नाही.

मनोरे तर नव्या भांडवलाचे, त्यांचा कापसाशी काय संबंध, असं कोणी म्हणेल. भांडवल नवं आहे हे खरं. पण पायाखालची जमीन कापडगिरण्यांची आहे. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनीचा एक-तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागांना, तेवढाच म्हाडाच्या घरांना ठरवला होता. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. परळचे मनोरे इतके दाटीने उभे राहिले, त्यामागे हा निर्णयही आहे.

युनेस्कोने बोरीबंदरला 2004 मध्ये आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना 2018 मध्ये जागतिक वारसा मानलं. या वास्तूंची माहिती देताना वास्तुकार आणि देणगीदार यांच्या जोडीला कापूस पिकवणाऱ्या मुलखांचीही नावं लिहावीत. त्यांत वऱ्हाडाचं नाव असलंच पाहिजे.