फ्रायर घेताना आधी तेलाचा हिशेब मांडा

उपाहारगृहाच्या भटारखान्यात कढईच्या जागी डीप फ्रायर बसवताना सहसा किंमत आणि आकार एवढेच पाहिले जाते. मात्र यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते, तर तेलाचा खर्च रोजचा असतो. शिवाय वारंवार तापलेले तेल आरोग्यास अपायकारक असल्याने त्याच्या वापरावर कायद्याचे बंधन आहे. म्हणूनच तेल अधिक काळ चांगले राखणारा फ्रायर निवडणे हिताचे ठरते.

गर्दीचे दिवस, रिकामे दिवस

गोरेगाव पूर्वेला १९४९ मध्ये वसलेल्या आरे दूध वसाहतीच्या हिरवाईत पावसाळी सुट्ट्यांना मुंबईकरांची गर्दी होते आणि भजी-वड्यांना मागणी वाढते. अशा परिसरात रविवारच्या गर्दीकडे पाहून वीस लिटरचा एकच फ्रायर घेतला, तर मधल्या वारी दोन प्लेट भज्यांसाठीही वीस लिटर तेल तापवावे लागते. काही न तळता नुसते तापत राहिलेले तेलही खराब होते. त्यापेक्षा दहा लिटरचे दोन फ्रायर सोयीचे. एरवी एक चालवावा, गर्दीत दोन्ही. मासळी आणि शाकाहारी पदार्थांचे तेलही त्यामुळे वेगळे ठेवता येते.

एका घाण्याच्या वजनाच्या किमान सहापट तेल असावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तेल कमी असल्यास माल पडताच ते थंडावते आणि वडा तेल पितो.

गाळ कोठे बसतो?

कढईत आच तळाला लागते. बेसनाचा चुरा तेथेच जळतो आणि तेल काळवंडते. नळीच्या फ्रायरमध्ये तापणाऱ्या नळ्या तळापासून वर असतात. त्यांच्या खालचे तेल तुलनेने थंड राहत असल्याने तेथे साचलेला चुरा लवकर जळत नाही. भजी, वडे व पीठ लावलेल्या पदार्थांसाठी हा प्रकार उत्तम. मात्र नळ्यांमधली सफाई कष्टाची असते. बाहेरून तापणारा, उघड्या भांड्याचा फ्रायर धुण्यास सोपा असून बटाट्याच्या फ्राइजसाठी योग्य आहे. पुरी-जिलेबीसाठी रुंद, सपाट तळाचे भांडे लागते. भजी जाळीत ठेवून तेलात सोडल्यास पीठ जाळीला चिकटते. त्यासाठी जाळी आधी तेलात बुडवावी किंवा झाऱ्यानेच काम करावे.

गॅस की वीज?

१६ अँपियरच्या प्लगवर जेमतेम साडेतीन किलोवॉटचा भार चालतो. त्याहून मोठ्या विजेच्या फ्रायरसाठी स्वतंत्र वा थ्री-फेज जोडणी लागू शकते. सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅससाठी बर्नरचे जेट वेगवेगळे असतात. खरेदीपूर्वी तसे सांगणे आवश्यक आहे. थर्मोस्टॅट तेल १७५ ते १९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखणारा असावा. तो बिघडल्यास आच आपोआप बंद करणारी दुसरी कळ हवीच. तेल काढण्याची तोटी रुंद असावी, अन्यथा गाळ अडकतो.

तेल कधी टाकावे?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार, १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक असलेले तेल वापरता येत नाही. हे प्रमाण हातात धरण्याच्या मीटरने मोजता येते. तेल गडद होणे, फेसाळणे, लवकर धुरावणे ही ते खराब झाल्याची लक्षणे होत. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून नोंदवही ठेवणे व वापरलेले तेल अधिकृत संकलकाकडे देणे बंधनकारक झाले. या तेलापासून बायोडिझेल तयार होते. लहान उपाहारगृहांनीही ते मोरीत ओतू नये. नळ्या तुंबतात, आणि आरेच्या परिसरातून तर मिठी नदी वाहते.

आगीची खबरदारी

पेटलेल्या तेलावर पाणी टाकल्यास भडका उडतो. तळणाच्या तेलासाठीचे ‘एफ’ वर्गाचे अग्निशामक हाताशी असावे आणि ते चालवणे प्रत्येक कामगाराला यावे. फ्रायरच्या अंदाजपत्रकात मीटरइतकाच या उपकरणाचाही खर्च आधीच धरावा.