डिझेल ट्रक इंजिनाचे दोषनिदान

इंजिन सहज सुरू न होणे आणि सायलेन्सरमधून असाधारण धूर येणे या दोन लक्षणांवरून बिघाडाचे मूळ शोधण्याच्या पद्धतीला डिझेल ट्रक इंजिनाचे दोषनिदान म्हणतात. ही लक्षणे अनेकदा एकत्र आढळतात. त्यांचा एकत्रित विचार केल्यास इंजिन न उघडताही बिघाडाचे क्षेत्र बऱ्याच अंशी निश्चित करता येते.

बीड जिल्ह्यातील संदर्भ

मराठवाड्यातील बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन थंडीच्या महिन्यांत पूर्ण जोरात असतो. तोडलेला ऊस पडून राहिल्यास त्याचे वजन व साखरेचा उतारा दोन्ही घटतात आणि तोडणीची मजुरी टनावर मोजली जाते. त्यामुळे पहाटे ट्रक सुरू न झाल्यास नुकसान वाहनमालकापुरते मर्यादित राहत नाही. शेतातील कच्चे रस्ते व परळी येथील औष्णिक वीज केंद्राच्या राखेची वाहतूक यांमुळे येथील ट्रकांच्या एअर फिल्टरवर धुळीचा ताण पडतो, तर बालाघाट डोंगररांगेतील चढांवर भरलेल्या ट्रकच्या इंजिनावर भार वाढतो.

कार्यतत्त्व

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा दाबली गेल्याने तिचे तापमान साधारणतः ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते व तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून इंजिन सुरू होण्यास चार गोष्टी आवश्यक ठरतात : पुरेशा वेगाने फिरणारा क्रँकशाफ्ट, पुरेसे संपीडन (कॉम्प्रेशन), मोकळी हवा आणि योग्य वेळी बारीक फवारलेले इंधन. थंड हवेत बॅटरीची क्षमता घटते आणि ऑइल घट्ट होते. त्यामुळे एरवी लपून राहिलेला दोष पहाटे उघड होतो.

प्राथमिक तपासणी

सेल्फ मारताना धूर येतो की नाही, हे पाहणे ही निदानाची पहिली पायरी होय. धूर मुळीच येत नसल्यास इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, असे समजले जाते. पांढरा धूर येत असल्यास इंधन पोहोचते, परंतु पेटत नाही. पहिल्या स्थितीत टाकी, फिल्टर, फीड पंप व पाइप तपासले जातात; दुसऱ्या स्थितीत सेल्फचा वेग, संपीडन, इंजेक्टर व टायमिंग यांकडे लक्ष दिले जाते.

इंजिन संथ फिरत असल्यास दोष प्रथम विद्युत भागात शोधला जातो. जड ट्रकमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची प्रणाली केलेली असते. पूर्ण चार्ज झालेल्या प्रत्येक बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. गंजलेले टर्मिनल व सैल अर्थिंग यांमुळेही सेल्फचा वेग कमी होतो.

रात्रभर उभा राहिल्यावरच ट्रक सुरू होण्यास त्रास देत असल्यास इंधनाच्या पाइपात हवा शिरण्याची शक्यता असते. टाकी ते फीड पंप या ओढणीच्या भागात गळती असली तरी बाहेर डिझेल दिसत नाही. हवा आत जाते व इंधन टाकीकडे परतते. येथे काही काळ पारदर्शक नळी जोडल्यास बुडबुडे दिसतात. अशी हवा हँड प्रायमरने पंप मारून काढली जाते. मात्र गळती बंद न केल्यास दोष पुन्हा उद्भवतो.

धुराच्या रंगावरून निदान

काळा धूर : हवेच्या मानाने इंधन जास्त झाल्याचे हे लक्षण आहे. चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोचार्जरचा दोष, इंटरकूलरचा फाटलेला होज, खराब नोझल किंवा पंपाचे वाढवलेले इंधन ही त्याची प्रमुख कारणे होत.

पांढरा धूर : न जळलेल्या डिझेलचा धूर उग्र वासाचा असून त्याने डोळे चुरचुरतात. पाण्याची वाफ मात्र हवेत लवकर विरते. इंजिन गरम झाल्यावरही वाफ येत राहिली व रेडिएटरमधील पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याचा किंवा हेडला तडा गेल्याचा संशय घेतला जातो.

निळा धूर : इंजिन ऑइल जळत असल्याचे हे द्योतक आहे. सुरुवातीला थोडा वेळच येणारा निळा धूर व्हॉल्व्हच्या सीलकडे, तर भाराखाली सतत येणारा धूर पिस्टन रिंग, लायनर किंवा टर्बोच्या सीलकडे निर्देश करतो. रिंग झिजल्यास ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराने वायू बाहेर पडतो.

जुनी व नवी इंजिने

यांत्रिक पंप असलेल्या जुन्या इंजिनात चालू स्थितीत एकेका इंजेक्टरचा नट सैल करून दुर्बल सिलिंडर ओळखतात. नट सैल करूनही आवाज बदलला नाही, तर तो सिलिंडर काम करत नसतो. कॉमन रेल इंजिनात ही कृती प्राणघातक ठरू शकते, कारण तेथे इंधनाचा दाब हजार बारच्याही पुढे जातो. तेथे रेलचा दाब व दोषसंकेत स्कॅनरवर वाचले जातात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या ट्रकमध्ये धुरातील काजळी फिल्टरमध्ये अडकते. त्यामुळे काळा धूर दिसत नाही, यावरून इंजिन निर्दोष आहे असे ठरत नाही.

दक्षता

हवेच्या नळीत ईथर किंवा पेट्रोल टाकून इंजिन सुरू केल्यास अवेळी स्फोट होऊन पिस्टन व रिंगा मोडू शकतात. इंजेक्टरचा फवारा त्वचेत शिरू शकतो. अशी जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी तातडीचे वैद्यकीय उपचार आवश्यक असतात. बॅटरी, फिल्टर व पाइप यांची अल्पखर्चाची तपासणी आधी आणि संपीडन चाचणी त्यानंतर, हा क्रम पाळल्यास अनावश्यक इंजिन खोलणे टळते.