खोंड, कोंबडा आणि संप्रेरकं

खोंड खच्ची केला की त्याची मस्ती उतरते आणि तो औताला सरळ चालतो, हे आमच्या जांभूळमधल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला विचारा. बारवीचं पाणी शुद्ध करणारा एमआयडीसीचा प्लँट गावात यायच्या कितीतरी आधीपासूनचं हे शहाणपण. पण असं का होतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

ते समजलं एका कोंबड्यामुळे. १८४९ साली जर्मनीत गटिंगनला बर्टहोल्ड नावाच्या प्राध्यापकाने कोंबड्यांची वृषणं काढली. तुरे सुकले, बांग गेली, भांडणं थांबली. मग काहींच्या पोटात एक वृषण परत बसवलं, तर सगळं परत आलं! नसा तर तुटलेल्या होत्या. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात मिसळत असणार. त्या 'काहीतरी'ला हार्मोन हा शब्द मिळायला १९०५ उजाडलं आणि टेस्टोस्टेरॉन हाती लागायला १९३५.

हे सगळं मी खणत बसलो त्याला कारण माझा मावसभाऊ. (त्याला विचारूनच लिहितोय, काकू, काळजी नको.) वृषणात गाठ हाताला लागली तरी पाच महिने तो लाजेने गप्प होता. ऑपरेशन ठरलं तेव्हा त्याने डॉक्टरांना "जगेन ना?" असं विचारलं नाही. "पुरुष राहीन ना?" असं विचारलं. खोंडाचीच भीती ती.

त्याच्या फायलीत बीटा एचसीजी नावाची तपासणी वाचून मी उडालोच. हे तर गरोदरपणाचं संप्रेरक! पण वृषणाच्या काही गाठीही ते बनवतात. १९३०च्या सुमारास झोंडेकने गरोदरपणाची उंदरांवरची चाचणी अशा पुरुषांच्या लघवीवर केली आणि ती चक्क 'होकारार्थी' आली. १९७२ मध्ये जुडिथ व्हायटुकायटिस आणि सहकाऱ्यांनी रक्तातलं अगदी थोडंसं एचसीजी मोजायची पद्धत काढली. ऑपरेशननंतर हा आकडा दर दीड दिवसात साधारण निम्मा व्हायला हवा. नाही झाला, तर आजार कुठेतरी दडलाय. ज्या संप्रेरकाची घरात पेढे वाटून बातमी होते, तेच इथे चोर पकडून देतं.

१९७४ मध्ये इंडियानात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन इतर दोन औषधांसोबत वापरलं. त्याआधी शरीरभर पसरलेल्या आजारातून क्वचितच कुणी वाचे. आता दहातले साधारण आठ वाचतात. युवराज सिंगची गाठ छातीत होती, पण जात याच कुळातली. एप्रिल २०११ मध्ये वानखेडेवर विश्वचषक उचलणारा हा माणूस २०१२ मध्ये याच आइनहॉर्न यांच्याकडे उपचार घेऊन सप्टेंबरात पुन्हा मैदानात उतरला.

आता भावाच्या प्रश्नाचं उत्तर. एक वृषण गेलं तरी दुसरं धड असेल तर बहुधा पुरेसं टेस्टोस्टेरॉन बनवतं. मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी एलएच वाढवून त्याला जरा जास्त कामाला जुंपते. केमोनंतर मात्र काहींचं ते कमी पडतं. थकवा, उदासी, इच्छा नसणं, हाडं ठिसूळ होणं... घरचे म्हणतात "आजारातून उठलाय, होणारच." सकाळी रक्त तपासलं तर कळतं. मग इंजेक्शन किंवा जेल आहे. पण एक मेख आहे: बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की पिट्युटरी गप्प बसते आणि शुक्राणू बनणं थांबू शकतं. मूल हवं असेल तर हे आधी बोलायला हवं आणि केमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवायला हवं. लग्न न झालेल्या पोरासमोर हे कोण काढणार? आमच्याकडे शेवटी त्याच्या आईनेच काढलं. मावशी सातवी शिकलेली आहे.

र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात असल्या गोष्टी स्वच्छ मराठीत लिहीत होते. त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि तरीही कर्व्यांना दंड भरावा लागला.