पस्तीस अडथळे

तुम्ही नवी मुंबईच्या बेलपाड्यात, मेट्रोच्या जिन्याखाली उभे आहात. पावसाने धुतलेला खारघरचा डोंगर समोर आहे. आता वर्षं उलटी फिरू लागतात. आधी मेट्रोचे खांब जातात, मग उंच इमारतींचे मजले एकेक करून उतरतात, आणि पायाखालची वाट घाट चढून थेट सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या मोही गावी पोचते. विसावं शतक सरत आलंय. इथे पाऊस येता येता राहतो. माळावर बाभळी आणि कुसळं. त्या माळाच्या कडेने एक मुलगी शाळेला पळत निघालीय. शेतकऱ्याच्या घरातली ललिता शिवाजी बाबर, जन्म 2 जून 1989. तिच्यामागे चला.

बघता बघता जानेवारी 2014 उजाडतो. मुंबई मॅरेथॉन. पेडर रोडच्या चढावर भल्याभल्यांचे पाय भरून येतात; तुम्ही कठड्याला टेकून बघताय आणि ललिता पुढे निघून जाते. भारतीय महिलांत सलग तिसऱ्या वर्षी पहिली. इथेच थांबली असती तरी तिचं नाव झालंच होतं. पण ती वळते 3000 मीटर स्टीपलचेसकडे.

मैदानात उतरा आणि या शर्यतीतला अडथळा हाताने ढकलून बघा. हलत नाही. पी. टी. उषा 400 मीटरमध्ये ज्यावरून उड्या मारायची, तो हर्डलही एवढाच उंच, 76.2 सेंटिमीटर; पण त्याला पाय लागला तर तो आडवा होतो. हा जाडजूड लाकडी ओंडका होत नाही. पाय अडला तर पडायचं तुम्हीच. असे 28, आणि शिवाय सात वेळा पाण्याची उडी: ओंडक्यावर पाय रोवायचा, पलीकडच्या हौदात झेप घ्यायची, भिजलेल्या बुटांनी पुन्हा वेग पकडायचा. एका लयीत 42 किलोमीटर पळणाऱ्या पायांना पंचविशीच्या उंबरठ्यावर ही लय मोडायला शिकवणं किती अवघड असेल, ते त्या हौदाशी उभं राहिल्यावर कळतं. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं धाडस हेच.

त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत 9 मिनिटं 35.37 सेकंद, कांस्यपदक, राष्ट्रीय विक्रम. 2015 च्या जूनमध्ये वुहानला ती आशियाई विजेती होते. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठून आठवी येते.

आता रिओ. 13 ऑगस्ट 2016 ची सकाळ. पहिल्या तिघी थेट अंतिम फेरीत, बाकीच्यांना वेळेचा आधार. ललिता तिच्या हीटमध्ये चौथी येते. तुमची नजर फलकाला चिकटते: 9:19.76. एप्रिलमध्ये दिल्लीत तिनेच केलेला 9:27.09 चा विक्रम सात सेकंदांहून जास्त फरकाने मोडलाय, आणि मोडायला ऑलिंपिकचा दिवस निवडलाय! एवढी वेळ पुरते. 1984 च्या लॉस एंजेलिसमध्ये उषाचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने हुकलं, त्याला 32 वर्षं झाली. तेव्हापासून एकही भारतीय बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत उभी राहिली नव्हती.

15 ऑगस्ट. इकडे भारतात दिवेलागण होऊन गेलीय, तिकडे सकाळ आहे. बंदूक उडते. बहारीनची रूथ जेबेट बाकीच्यांना मागे टाकत निघून जाते आणि 8:59.75 मध्ये सुवर्ण घेते. तुम्ही मात्र मागच्या घोळक्याकडे बघताय. ललिता पुन्हा पुन्हा ओंडक्यावर चढते, पाण्यात उतरते, बाहेर पडते. 9:22.74. दहावी.

‘पदक नाही’ म्हणून चॅनेल बदलणारे तेव्हाही होते. त्यांचा मला आजही राग येतो. ज्या शर्यतीला ऑलिंपिकमध्ये 2008 साली प्रथम जागा मिळाली, जिच्यात केनिया आणि इथिओपियाच्या मुलींचा दबदबा, त्या शर्यतीत माणदेशातली बाई जगातल्या पहिल्या दहांत होती. 2016 मध्येच तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

पुढची वर्षं भराभर सरकतात. 2022 मध्ये तुम्ही बेलपाड्याच्याच रायगड जिल्ह्यात, पण गोवा हायवेवर पार खाली, माणगावला आहात. तहसील कार्यालय. दाखले, फेरफार, पंचनामे. तहसीलदार म्हणून कारभार हाती घेतलाय ललिता बाबरने.

आणि ऑगस्ट 2023, बुडापेस्ट. जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत मेरठची पारुल चौधरी 9:15.31 अशी वेळ देते. रिओच्या त्या सकाळचा विक्रम सात वर्षांनी मोडतो, आणि या वेळीही फलकावर भारतीय मुलीचंच नाव आहे.