पेन्शन : कृपा कीं हक्क ?

म्हातारपणाची तरतूद ही प्रत्येक गृहस्थाची जुनी चिंता आहे. हातपाय चालत आहेत तोंवर संसाराचा गाडा कसाबसा पुढें जातो. परंतु ते थकल्यावर पोटाला कोण घालणार, आणि आपल्या माघारीं बायकामुलांचें काय होणार, हा प्रश्न राजाला चुकला नाहीं आणि कारकुनालाही चुकला नाहीं. या प्रश्नाला आपल्या देशानें गेल्या दोनशें वर्षांत जीं उत्तरें दिलीं, त्यांचा इतिहास फार उद्बोधक आहे. दुसऱ्याच्या कृपेवर चालणारी तरतूद हळूहळू हक्काकडे कशी वळली, याचीच ती हकीकत होय.

मराठी राज्यांत लढाईंत पडलेल्या शिपायाच्या बायकामुलांस ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक करून देण्याची चाल होती. विद्वानांस वर्षासनें मिळत, सेवेबद्दल इनाम जमिनी मिळत. देणाऱ्याचा हात सढळ असे यांत शंका नाहीं. पण त्या हाताचा आधार राज्य उभें आहे तोंवरच. राज्य गेल्यावर सनदेचें मोल नव्या धन्याच्या मर्जीवर ठरूं लागलें. १८५२ सालच्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हां पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटींत असलेल्या जमिनींचे पुरावे मागण्यांत आले, आणि ज्यांना ते देतां आले नाहींत त्यांच्या इनामांवर गदा आली.

कृपेच्या तरतुदीचें सर्वांत मोठें उदाहरण मात्र खुद्द पेशव्यांच्या घरांतलें आहे. जून १८१८ मध्यें दुसरा बाजीराव सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला. राज्याच्या बदल्यांत त्याला वर्षाला निदान आठ लाख रुपयांचें पेन्शन ठरलें, आणि गंगेच्या कांठीं ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरास, त्याची वस्ती झाली. कराराच्या शब्दांत हें पेन्शन ‘स्वतःच्या व कुटुंबाच्या’ निर्वाहासाठीं होतें. त्याच्याबरोबर दक्षिणेंतून गेलेलीं कितीतरी कुटुंबें याच एका ओघावर जगत होतीं. माल्कमवर वरिष्ठांनीं ठपका ठेवला कीं, त्यानें फार सढळ रक्कम कबूल केली. पुढें बाजीराव आणखी तेहतीस वर्षें जगेल, असें त्या वेळीं थोड्यांनाच वाटलें असेल.

जानेवारी १८५१ मध्यें बाजीराव वारला आणि ओघ आटला. दत्तक पुत्र नानासाहेब यांनीं करारांतील ‘कुटुंब’ या शब्दावर बोट ठेवलें. लॉर्ड डलहौसीनें उत्तर दिलें तें हिशेबाचें होतें : तेहतीस वर्षें पेशव्याला दरसाल आठ लाख मिळाले, शिवाय जहागिरीचें उत्पन्न होतें, आणि मागें अठ्ठावीस लाख शिल्लक आहेत, तेवढ्यावर कुटुंबानें भागवावें. तेहतीस वर्षांचे आठ लाख म्हणजे दोन कोटी चौसष्ट लाख रुपये होतात. त्यांतील दशांशाहून थोडी अधिक रक्कम शिल्लक उरली होती. १८५३ मध्यें नानासाहेबांनीं अजीमुल्लाखान यास विलायतेस पाठविलें. तेथेंही दाद लागली नाहीं. पुढें १८५७ सालीं जें घडलें तें सर्वश्रुत आहे. एका शब्दाचा अर्थ लावण्याचा अधिकार देणाऱ्याच्याच हातीं होता, हें या प्रकरणाचें मर्म होय.

हा अधिकार १८७१ च्या पेन्शन कायद्यानें पक्का केला. सरकारनें, किंवा पूर्वीच्या एखाद्या सरकारनें, दिलेल्या पेन्शनविषयीं कलेक्टरच्या दाखल्यावांचून दिवाणी न्यायालयांत दावाच चालूं नये, असें त्यानें ठरविलें. पेन्शन मिळत होतें. पण मागतां येत नव्हतें.

याच सुमारास मुंबई शहरांत दुसरी वाट पडत होती. इंग्रजी विमा कंपन्या येथील माणसाचा विमा उतरावयास नाखूष असत, आणि उतरलाच तर अधिक हप्ता घेत. १८७० मध्यें स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीनें हिंदी माणसाचा विमा साध्या दरानें उतरण्यास आरंभ केला. १८७४ मध्यें ओरिएंटल कंपनी निघाली. विम्याचें तत्त्व सोपें आहे. एका माणसाचा मृत्यु केव्हां येईल हें ज्योतिषालाही सांगतां येत नाहीं. परंतु एकाच वयाच्या दहा हजार माणसांपैकीं वर्षभरांत साधारण किती जातील, हें गणित सांगूं शकतें. म्हणून सर्वांनीं थोडें थोडें दिलें तर ज्याच्या घरावर घाला पडेल त्याचें घर उभें राहतें. १८८२ मध्यें पोस्टाची बचत बँक व १८८४ मध्यें पोस्टाचा विमा सुरू झाला. येथें दाता नाहीं आणि याचकही नाहीं. हप्त्याची पावती हाच हक्काचा दस्तऐवज.

तिसरी वाट प्रॉव्हिडंट फंडाची. १९२५ च्या कायद्यानें सक्तीनें सांठलेल्या अशा रकमेवर सावकाराची जप्ती येऊं शकत नाहीं, असें संरक्षण दिलें. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्यानें ही सोय कापड, सिमेंट, कागद, लोखंड-पोलाद, सिगारेट व यंत्रकाम अशा सहा धंद्यांतील मोठ्या कारखान्यांना लागू झाली. कामगारानें सव्वासहा टक्के द्यावे आणि मालकानेंही तितकेच द्यावे, असा आरंभींचा दर होता. त्या काळच्या नाण्यांत हा हिशेब अगदीं सोपा होता : रुपयामागें एक आणा. गिरणगांवांतील कामगाराच्या म्हातारपणाचा हक्क या एका आण्यावर उभा राहिला.

परंतु स्वतःची बचत झाली तरी ती ठेवावयाची कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. बुडणाऱ्या कंपनीबरोबर विधवेचा आधारही बुडतो. १९ जानेवारी १९५६ रोजीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं नभोवाणीवरूनच देशाला सांगितलें कीं, आयुर्विम्याचा धंदा सरकार हातीं घेत आहे. देशी, परदेशी व लहान सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजीं आयुर्विमा महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि पॉलिसीच्या रकमेस कायद्यानेंच केंद्र सरकारची हमी मिळाली.

नोकरदाराच्या पेन्शनचा प्रश्न मात्र न्यायालयांत सुटला. १८७१ च्या कायद्यास बरोबर शंभर वर्षें झालीं, त्या १९७१ सालीं देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, पेन्शन ही बक्षिसी नसून नोकराची मालमत्ता आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजीं नकारा खटल्यांत सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठानें आणखी पुढचें पाऊल टाकलें. ठराविक तारखेनंतर निवृत्त झालेल्यांनाच वाढीव पेन्शनचा लाभ देऊन आधींच्यांना वगळणें घटनेच्या समतेस धरून नाहीं, असें त्यानें सांगितलें. ऐन उमेदींत केलेल्या श्रमाचा मोबदला म्हणून उतारवयांत मिळणारी ती रक्कम आहे, हा त्या निकालाचा आशय. सतरा डिसेंबर हा दिवस निवृत्त मंडळी आजही पाळतात, तो त्यामुळेंच.

एवढ्यावर हा इतिहास संपत नाहीं. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेंत नव्यानें लागलेल्यांस, सैन्यदलें वगळून, नवी योजना लागू झाली. तींत पगारांतून कापलेली व सरकारनें घातलेली रक्कम बाजारांत गुंतविली जाते, आणि शेवटीं हातीं काय पडेल तें बाजारावर अवलंबून राहतें. १ एप्रिल २०२५ पासून निश्चित पेन्शनचा एक पर्याय पुन्हां ठेवण्यांत आला : पंचवीस वर्षें सेवा केलेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम. पूर्वी माणूस राजाच्या मर्जीकडे डोळे लावून बसे. आतां बाजाराच्या मर्जीचा विचार त्याला करावा लागतो.

बिठूरच्या वाड्यांत पैशाची उणीव नव्हती. उणीव होती ती दोन गोष्टींची : मुलाबाळांचा वांटा निःसंदिग्ध शब्दांत लिहिलेला नव्हता, आणि शब्दाचा निवाडा करणारा तिसरा कोणी नव्हता. आजच्या गृहस्थाला न्यायालय आहे, कायदा आहे. पहिली गोष्ट मात्र त्यालाच करावयाची असते. पासबुकावर, पॉलिसीवर व फंडाच्या कागदावर वारसाचें नांव लिहिलें आहे कीं नाहीं, हें पाहावयास एक सायंकाळ पुरते.