पेशंटजवळ कोण थांबणार?

दवाखान्यात कुणाला दाखल करायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच. बाळंतपण असो की अपेंडिक्स, डबा आणणारं आणि रात्री खाटेशेजारी सतरंजी टाकणारं माणूस लागतंच. मनोरुग्णालयात मात्र हा प्रश्नच उद्भवत नसे. मनोरुग्णांसाठीच्या १९१२च्या ल्युनसी ॲक्टच्या काळात माणूस आत गेला की घरचे फाटकाबाहेर राहत.

फाटक पहिल्यांदा किलकिलं झालं ते अमृतसरला. १९५०च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावलं. संध्याकाळी ते सगळ्यांना एकत्र बसवून आजार समजावून सांगत. माणसं बरी होऊन आपल्या माणसांबरोबरच घरी जाऊ लागली.

त्याच दशकात लखनौमध्ये एक स्विस मनोविकारतज्ज्ञ बाई आल्या. एर्ना होख. मिशनरी स्टॅन्ले जोन्स यांनी १९५०मध्ये सुरू केलेल्या नूर मंझिल या मनोरुग्णालयाची सूत्रं त्यांनी १९५६मध्ये घेतली. घरच्यांना उपचारात सामील करणाऱ्या या कुळात मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या होखच. युरोपातलं शिक्षण एका रुग्णाला एका खोलीत बसवून ऐकण्याचं. इथे रुग्णामागे आई, दीर, मामा, कधी अर्धं गाव. होख यांनी ही गर्दी अडथळा मानली नाही. त्या हिंदी शिकल्या, संस्कृत ग्रंथांत शिरल्या. पुढे काश्मीरमध्ये काम करताना तर रुग्ण आधी ज्यांच्याकडे जाऊन आलेला असे, त्या पीर-फकिरांकडेही त्यांनी गांभीर्याने पाहिलं आणि १९७४मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला. दुःखी माणूस ज्यांच्याकडे आपणहून जातो, त्यांना ओलांडून उपचार होत नाहीत, हे त्या काळी समजून घेणारे डॉक्टर विरळाच होते.

वेल्लोरला १९५७मध्ये मानसिक आरोग्य केंद्र उभं राहिलं, त्यामागे फ्लॉरेन्स निकल्स ही कॅनडाची डॉक्टर होती. घरचं माणूस सोबत राहणं तिथे उपचाराचाच भाग ठरलं.

इथवरची गोष्ट गोड आहे. तिला जाब विचारला पुण्यातल्या कार्यकर्त्या भार्गवी दावर यांनी. त्यांनी स्वतःच्या आईला मानसिक रुग्णालयांत खितपत पडलेलं पाहिलं होतं. त्या आईच्या नावाने त्यांनी १९९९मध्ये बापू ट्रस्ट काढला, आणि त्याच वर्षी भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर पुस्तकही लिहिलं. घरचेच बाईला वेडी ठरवून टाकून येतात, तेव्हा सोबतीला तेच घर कसं चालेल? दावर यांचा हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. त्यांच्या ‘सेहेर’ उपक्रमाने पुण्याच्या वस्त्यांत जाऊन शेजारणी, मैत्रिणी, आसपासची माणसं यांचं आधाराचं कडं बांधलं. २०२४मध्ये त्या गेल्या.

घरातून वस्तीत आलेलं हे थांबणारं माणूस मग शिकून तयार होऊ लागलं. गोव्यात संगाथ संस्थेने स्थानिक महिलांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन २४ दवाखान्यांत त्याची पारख केली. २,७९६ रुग्णांचा हा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला आणि सरकारी केंद्रांत त्याचा गुण दिसला. नाशिकच्या पेठ तालुक्यात २०१३मध्ये ‘आत्मीयता’ या उपक्रमाने गावातलेच स्वयंसेवक निवडले. ते ओट्यावर टेकून ऐकत, मोबाइलवर दारू किंवा घरातल्या मारहाणीवरची छोटी फिल्म दाखवत, निराधार योजनेचा फॉर्म भरून देत आणि गरज दिसली तर डॉक्टरांकडे घेऊन जात. फॉर्म भरून देणं हाही उपचारच, कारण काळजीचं मूळ पुष्कळदा चुलीपाशीच असतं.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णांना समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. तो खरा व्हायचा तर गावोगाव थांबणारं माणूस हवं, आणि हे काम बहुतेक बायकाच करतात. त्यांच्या प्रशिक्षणाची आणि मानधनाची तरतूद प्रत्येक जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्यात झाली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात ती आहे का, एवढं तरी आपण विचारावं.